एका पायातला वाळा

आमची घरमालकीण विमानानं येजा करायची. कधी तरी हौसेनं नव्हे, वर्षातून चार-पाच वेळा, उदगीरच्या बाजाराला जावं तशी. बिदरला लागून असलेल्या आमच्या नौबादमध्ये तेव्हा विमान म्हणजे डोक्यावरून घरघरत जाणारी वस्तू. लोक मान वर करून बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आणि ही बाई, दुबलगुंडीच्या शेतमजुराची लेक, पायात टायरच्या चपला घालून त्यात बसून मुंबईला जायची आणि परत आली की ओट्यावर पाय पसरून म्हणायची, "कशाचं इमान आन् कशाचं काय. बसची खिडकी तरी उघडती."

सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही अक्काच म्हणायची. तिचा थोरला मुलगा मुंबईत एका विमान कंपनीत मेकॅनिक होता. कंपनीकडून आईबापाला फुकट पास मिळायचा. बाप तर कधीच गेलेला, म्हणून सगळे पास अक्काच्या वाट्याला. पण पासवाल्याची एक अडचण होती. तिकीटवाले सगळे बसून जागा उरली, तरच पासवाल्याला जागा. अक्का बिदरहून पहाटेची बस धरून चार तासांवरच्या मोठ्या शहराच्या विमानतळावर जायची आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायची. अगदी शेवटच्या घडीला तिच्या हातात जागेची चिठ्ठी पडायची आणि मग ती तपासणीकडे पळायची. हे पळणं लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचा सगळा घोळ त्या घाईत झाला.

आम्ही शेतकरी घरातली माणसं. माझ्या मालकांना बिदरला नोकरी लागली आणि अक्काच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. अक्काच्या घरानं छप्पन सालानंतर बौद्ध धर्म घेतलेला. तिच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. बौद्धांच्या घरात राहायला गेलो म्हणून आमच्या लोकांनी नावं ठेवली. भालकीच्या माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा भर उन्हाळ्यात दिवसभर आमच्याकडे पाणी प्याल्या नाहीत. त्या गेल्यावर अक्का भिंतीपलीकडून म्हणाली, "तुझ्या जावंला तहान लागत न्हाई का ग? नशीबवान हाय. हितं तर नळाला पानी येईना."

मला चारचौघांत काय, एकटीलाही पटकन उत्तर सुचत नाही. सुचतं ते दोन दिवसांनी. अक्काला ते माहीत होतं. ती माझ्या उत्तराची वाट न बघता दुसरं वाक्य बोलायची आणि आमचं छान जमायचं.

विमानात कानात घालायला कापूस देत. अक्का तो न वापरता पदरात बांधून आणायची आणि माझ्या हातावर ठेवायची. "घे, तुज्या देवाला वाती कर. आबाळातून आलेला कापूस हाय." गल्लीतल्या पोरांना गोळ्या. स्वतःला काही नाही. विमानातलं जेवण तिला रुचायचं नाही. ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मांडीवर सोडून बसायची आणि शेजारच्या सुटाबुटातल्या माणसाला म्हणायची, "घ्या की साहेब, लाजू नका." काहीजण घ्यायचे म्हणे.

पण अक्काची खरी ओळख तिच्या टाक्यांची.

आमच्या भागातली पुष्कळ माणसं मुंबईला. कुणाचा भाऊ गोदीत, कुणाची लेक चाळीत दिलेली. अक्का निघाली की आठ दिवस आधी बायका यायच्या. ज्वारीचं पीठ, हुरडा, कारळाची चटणी, बाळंतिणीला डिंक-खारीक, जुन्या लुगड्याची दुपटी. पोस्टानं पाठवलं तर फुटतं, ओळखीच्या लॉरीवाल्याबरोबर हुमनाबादहून पाठवलं तर अर्धं वाटेत खपतं. अक्काकडे दिलं की पोचतं. का पोचतं, तर तिची रीत. देणाऱ्या बाईसमोर ती मांजरपाटाच्या फडक्यात वस्तू बांधायची, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन चारही कडांना टाके घालायची, आणि शेवटची गाठ मात्र स्वतः मारायची नाही. दाभण देणारीच्या हातात द्यायची. "मार. तुजी गाठ तुजी लेक वळखल." आणि खरंच, प्रत्येकीची गाठ वेगळी असते. मुंबईत पुडकं हातात पडलं की लेकी आधी गाठ बघायच्या. ही आईची, म्हणायच्या, आणि मग कापायच्या. अक्का समोर उभी असायची, कापून होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही.

मग अशी पुडकी एका मोठ्या गाठोड्यात, आणि त्या गाठोड्यालाही टाके. ते ती मांडीवर ठेवून न्यायची. मुलानं शंभरदा सांगितलं, आई, मोठं सामान काउंटरवर दे, ते विमानाच्या पोटात जातं. अक्का म्हणायची, "दुसऱ्याची वस्तू मांडीवर पायजे. पोटात टाकली की कुनाची कुनाला ठाव."

आता मला सांगा, यात चूक काय होती? बिनचूक माणूस होती ती. पण विमानतळावरच्या तपासणीला टाके चालत नाहीत. बंद वस्तू दिसली की उघड. त्या काळात विमानं पळवण्याची भीती होती, पेपरात यायचं, हे मलाही समजतं. अक्कालाही समजत होतं. ती तपासणीला नाही म्हणत नव्हती. तिचा राग वेगळा होता.

परत आली की ती ओट्यावर सगळी तपासणी करून दाखवायची. खाट आडवी टाकायची, ते टेबल. गल्लीतल्या बायका म्हणजे रांग. आणि पोलीसबाईचं काम माझ्याकडे, कारण मी लाजते म्हणून सगळ्यांना जास्त हसू येतं. अक्का समोर दोन्ही हात पसरून उभी राहायची.

"हां, लाव हात. खांद्यापासून लाव. आगं, गुदगुल्या करालीस व्हय? दाबून लाव. ती बाई कणीक मळल्यागत दाबती."

मी घाबरत घाबरत हात लावायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आता तोंड वाकडं कर."

"कामून, अक्का?"

"ती करती म्हून." आणि मग ती नक्कल सोडून सरळ बोलायची. "आमी ल्हान हुतो तवा दुबलगुंडीत आमची सावली पडली तर पाटलीन वरडायची. आता सरकारनं पगार देऊन बाई ठिवलीय, मला हात लावाया. लाव म्हनलं, बाई. आमची कुटं ना हाय? पर तोंड वाकडं करून कामून लावतीस? माज्या लुगड्याला वास हाय का? मागच्या त्या बाईला शेंटाचा वास हुता, तिला हसून म्हनली, जाईये म्याडम."

रांगेतल्या बायका तेव्हा हसायच्या नाहीत.

तिच्याकडून काय काय काढून घेतलं, त्याची गोष्ट दर खेपेला वाढत जायची. पहिल्यांदा अडकित्ता. मग बॅटरीचे सेल. दाभण तर प्रत्येक वेळी. टाके कापायचे आणि शिवायचं साधनही ठेवून घ्यायचे. अंबाड्याच्या लोणच्यात एका शिपायानं लोखंडी सळई घालून बघितली. "काय सापडलं का बाबा, म्हनलं. तर म्हनतो, कुछ नही. मग सळई तरी चाटून बग, म्हनलं, चांगलं झालंय." हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण शेवटी ती तिच्या दुःखावर यायचीच.

"पाच वर्सं झाली. तीच मी, तेच गाठोडं, तीच बाई. हुमनाबादच्या ढाब्यावरचं कुत्रं बी दुसऱ्या खेपेला वळखतंय. ही वळखत न्हाई. का? तिला वळखायचंच न्हाई. ब्याग चाकाची आसली की खडूची रेघ मारून सोडतीत. गाठोडं आसलं की बिलेड. आन् कापून झालं की म्हनती, चलो चलो. आगं, उसवलंस तर टाके कोन घालनार? तुजा बाप?"

विमानात बसून मग ती फाटकं गाठोडं दोन्ही हातांनी कवटाळून मुंबई गाठायची. पोचल्यावर बायकांना आधी फाटलेले टाके दाखवायची, तपासणीत कापले म्हणून सांगायची. बहुतेकींना पटायचं. अक्का आहे म्हणून पटायचं. पण ज्या गाठीवर सगळा कारभार चालायचा, ती गाठच नसायची. फुकटच्या विश्वासावर तिचं चाललं होतं आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं. ती म्हणायची, इस्वास नको, गाठ बगा.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण मुंबईत झालं. रीत माहेरची, पण डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं. मी जाणार होते, तर मलाच कावीळ झाली. उठता येईना. बारशाला आजोळचे वाळे लागतात. मालकांनी बिदरच्या सराफाकडून घुंगरांचे चांदीचे वाळे करून आणले. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते हातात घेऊन बघितले. मुलगी झाली होती. मी नात अजून पाहिली नव्हती, पण तिचा पाय केवढा असेल ते त्या वाळ्यांवरून कळत होतं.

अक्का माझ्या खाटेजवळ बसून टाके घालत होती. माझ्या जुन्या लुगड्याचा छोटा बटवा केला, त्यात दोन्ही वाळे. मला उठवून बसवलं, दाभण हातात दिलं. "मार गाठ." गाठ वेडीवाकडीच पडली.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "तुजी लेक म्हनल, आई लई आजारी दिसती."

त्या दिवशी विमानतळावर तिला चिठ्ठी अगदी उशिरा मिळाली. ती तपासणीच्या टेबलाशी पोचली तेव्हा बाहेर विमान लागलेलं. पोलीसबाईनं गाठोडं कापलं, आतली पुडकी कापली आणि माझा बटवाही कापला. चांदी दिसल्यावर, ये क्या है, किसका है, म्हणून दुसऱ्या शिपायाला बोलावलं. त्यानं वाळे कानाजवळ नेऊन वाजवले. घड्याळात बाँब असतो म्हणे, म्हणून वाळ्याचे घुंगरू वाजवून बघितले. तेवढ्यात भोंग्यावर नाव पुकारलं. चलो चलो, जल्दी करो. टेबलावर पीठ सांडलेलं, चटणीची पुडकी इकडेतिकडे, मागून लोक ढकलायला लागलेले. अक्कानं होतं नव्हतं ते पदरात ओढलं आणि पळाली.

मुंबईत मुलाच्या घरी जाऊन पदर सोडला तर वाळा एकच.

दुसरी कुणी असती तर आठ दिवस थांबली असती, काय सांगावं म्हणून विचार केला असता. अक्का त्याच पावली माझ्या लेकीच्या घरी गेली. बारशाची तयारी चाललेली. तिनं विहीणबाईंच्या समोर कापलेला बटवा आणि एक वाळा ठेवला. म्हणाली, "दोन हुते. एक तपासनीत ऱ्हायला. कापताना मी बगितलं, पडताना न्हाई बगितलं."

विहीणबाई काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बटव्याचे कापलेले टाके बोटानं चाचपले आणि हळू म्हणाल्या, "असू द्या हो. होतं असं." आणि चहा सांगितला. अक्का चहा न घेता उठली. मला हे लेकीनं नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आई, असू द्या म्हणताना सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलंच नाही."

ही सोयरीक भालकीच्या जाऊबाईंनी जमवलेली. विहीणबाई त्यांच्या नात्यातल्या. त्यामुळे बातमी आमच्या आधी भालकीला पोचली. जाऊबाई माझी कावीळ बघायला म्हणून आल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "मी तवाच म्हनले हुते. ऱ्हायला त्येंचं घर, ते एक येळ ऱ्हाऊ दे. पर चांदी बी त्येंच्याच हातात? इमानतळावर म्हनं हरवली. तिथं साहेब लोक, पोलीस लोक असतेत. त्ये काय लेकराचा वाळा चोरत्यात? तू भोळी हाईस."

त्यांचं बोलणं संपायच्या आत अक्का दारात उभी होती. हातात सूप.

"बाई, मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "भित पातळ हाय, पर माजे कान म्हातारे झालेत. काय म्हनालात, कोन चोरत न्हाई?"

"मी तुमाला काय म्हनले न्हाई, अक्का," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हनला न्हाईत, ते बी ऐकू आलं." आणि ती गेली.

कापलं कुणी? वाजवून बघितलं कुणी? सांडलं कुणी, अक्काला पळायला लावलं कुणी? ज्यांनी हे सगळं केलं त्यांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही. त्यांच्या अंगावर वर्दी होती, म्हणून ते चोर नाहीत. आणि जिनं आयुष्यभर दुसऱ्याची चिमूटभर चटणी टाक्यात बांधून पोचवली, तिच्यावर मात्र लगेच आळ. गल्लीतही कुजबुज झाली. एका बाईनं पाठवायला आणलेलं पुडकं, नको अक्का, पुढच्या खेपेला, म्हणून परत नेलं. अक्कानं ते पाहिलं. ती नुसतं दोऱ्याला मेण लावत बसली.

माझे मालक साधे माणूस. ते म्हणाले, "अक्का, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी सराफाला सांगतो, जोड पुरी करून टाकू. विषय संपला."

अक्का त्यांना अण्णा म्हणायची. "अण्णा, तुमी भरून दिलात तर लोक म्हनतील, बिचाऱ्यानं झाकून घेतलं. मी भरून दिला तर म्हनतील, घेतला हुता म्हूनच दिला. कुनी बी भरायचा न्हाई. तो पाय रिकामा ऱ्हाऊ द्या. ज्येला दिसल त्यो इचारंल, कामून रिकामा? इचारला की सांगायचं."

"लेकराच्या पायाला असं बरं दिसतं का?" मालक म्हणाले.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. लेकरू माझ्या लेकीचं होतं. मी मान हलवली. मग तिनं माझ्या लेकीला निरोप धाडला. एकच वाळा घाल. काढायचा न्हाई, दुसरा करायचा न्हाई.

आणि ती पुन्हा विमानतळावर गेली. या वेळी गाठोड्यात थोडीच पुडकी होती, ज्यांनी अजून विश्वास टाकला होता त्यांची. ती परत आली त्या दिवशी बायका नेहमीसारख्या ओट्याजवळ जमल्या. कुणीतरी खाट आडवी करायला गेली, तर अक्कानं ती सरळ केली आणि तिच्यावर बसली. नक्कल नाही. जे झालं ते सांगितलं.

टेबलाशी तीच पोलीसबाई होती. अक्कानं तिला विचारलं, "वळखी क्या मेरेकू?"

"हात ऊपर करो."

"पिछली खेप चांदी का वाळा गिरा इधर. लेकरू का."

"इधर कुछ नहीं गिरता," बाई म्हणाली आणि गाठोड्याला ब्लेड लावलं.

"काट," अक्का म्हणाली. "पन काटे तो सी के देना." आणि तिनं केसांच्या अंबाड्यात खोचलेलं दाभण काढून टेबलावर ठेवलं, शेजारी मेणाचा दोरा.

दाभण बघितल्यावर धावपळ झाली. दोन शिपाई आले. हे आत चालत नाही, म्हणाले. अक्का म्हणाली, "मेरेकू नक्को रे बावा. इसकूच देतूं. ये काटी, ये सीती. सी के दी तो मैं जातूं."

मागे रांग खोळंबली. एक सुटातला माणूस मराठीत ओरडला, "म्हातारे, आमचं विमान चुकेल तुझ्या पायी!"

"साहेब, तुमची ब्याग कापली का?"

"माझी कशाला कापतील?"

"मग गप ऱ्हावा. माजी कापलीय."

मग पोलिसांचा मोठा साहेब आला. चांगला बोलला म्हणे, अम्मा अम्मा म्हणून. देशाची सुरक्षा आहे, सगळ्यांच्या भल्यासाठी आहे, असं समजावलं. अक्का म्हणाली, देश का भला हुना, मैं कब ना बोली, पन वाळा गया तो चोर मैं हुई, तुमारा देश नहीं हुआ. साहेबाला बहुतेक ते कळलं नाही, किंवा कळलं. त्यानं हात हलवला. अक्का टेबलाशेजारी खाली बसली. गाठोड्याला टाके पडल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. दोन पोलीसबायांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. मागाहून गाठोडं आणून टाकलं, फाटकं. विमान गेलं.

"मग?" एका बाईनं विचारलं.

"मग काय. बसलं बसमधी, आलं."

तिनं प्रत्येकीचं पुडकं जिचं तिच्या हातात परत दिलं. एकही कमी नव्हतं. एकजण म्हणाली, "अक्का, एवढी अडून बसलीस, त्यांना काय फरक पडला? त्यांनी तर वाळा आठवूनसुद्धा बघितला न्हाई."

"न्हाई बगितला," अक्का म्हणाली. "पर त्या टेबलावर माजं दाभन चार मान्सांनी बगितलं."

त्यानंतर ती विमानात बसली नाही. मुलगा रागावला, फुकटचा पास वाया जातो म्हणाला. ती हुमनाबादला जाऊन मुंबईची बस धरायला लागली. पुण्यावरून रात्रभर आणि वर अर्धा दिवस, त्या वयात. गुडघे सुजून परत यायची. पण गाठोडं मांडीवर असायचं आणि टाके शाबूत. हळूहळू बायका पुन्हा पुडकी आणायला लागल्या. सगळ्या नाही.

माझी लेक दीड वर्षांनी पंचमीला माहेरी आली. मी नात तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नुकती चालायला लागलेली. पाय वाढला म्हणून लेकीनं मुंबईत सराफाकडून वाळा मोठा करून घेतला होता. सराफ म्हणाला, बाई, दुसराही करून घ्या, जोडीनंच शोभतं. लेक म्हणाली, नको, एकच मोठा करा. सासूबाईंनी दोनदा वाळा काढून ठेवला, लोक विचारतात म्हणून. तिनं दोनदा परत घातला. माझ्याच पोटची, पण माझ्यासारखी गप्प राहणारी नाही.

पंचमीच्या दिवशी भालकीहून जाऊबाई आल्या. अंगणात बसल्या होत्या. या वेळी पाणी घेतलं. नात आमच्या दारातून निघाली आणि अक्काच्या ओट्याकडे चालायला लागली, कारण तिथं अक्का सुपारी कातरत होती आणि तिला तो आवाज हवा होता.

"आगं बाई," जाऊबाई म्हणाल्या, "लेकराचा एक पाय अजून तसाच? आता तरी दुसरा घाला. कसं दिसतंय ते. चार मान्सं काय म्हनतील?"

लेक बोलणार होती. मीसुद्धा, खरंच, या वेळी मला उत्तर लगेच सुचलं होतं. पण त्याआधी ओट्यावरून आवाज आला. अक्कानं मान वर केली नव्हती.

"वाईट दिसतंय का, बाई?"

"वाईटच दिसतंय की."

"दिसू द्या. झालंय बी वाईटच."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, नजर खाली घातली नाही. मग त्या पोरीच्या पायाकडे बघत राहिल्या. पोर चाललीच होती. एक पाऊल टाकलं की घुंगरू वाजायचे. दुसरं टाकलं की काहीच नाही.